लेखनप्रेरणा : चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशातील

लेखनप्रेरणा : आपले विचार, अनुभव किंवा ज्ञान अक्षरबद्ध करून दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्यास मनुष्याला प्रवृत्त करणारी कारणे. संस्कृत साहित्यशास्त्रात हा प्रश्न काव्यहेतू व काव्यप्रयोजन अशा दोन अंगांनी विचारात घेतलेला आहे. प्रतिभा, व्युत्पत्ती व अभ्यास हे लेखन शक्य करणारे हेतू होत. यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अनिष्टनिवारण, तत्काळ लाभणारा आनंद आणि प्रियेने करावा तसा मधुर उपदेश ही सहा प्रयोजने अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात सांगितली आहेत. ही गणना राजसभेतील कवीला डोळ्यांपुढे ठेवून केलेली असल्याने तीत जाणता वाचक गृहीतच धरलेला आहे. जेथे लिहिण्याची रूढी नाही, बोलीला सर्वमान्य लिपी नाही आणि वाचकही जवळपास नाही, तेथे माणूस लेखणी का हाती घेतो, या प्रश्नाला ती पुरी पडत नाही. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली हे दोन वनाच्छादित जिल्हे त्या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहेत.

पूर्वी चांदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण जिल्ह्याचा पूर्व भाग वेगळा काढून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण करण्यात आला. स्थूलमानाने वैनगंगेच्या पश्चिमेस चंद्रपूर व पूर्वेस गडचिरोली अशी ही विभागणी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७, तर गडचिरोलीची १०,७२,९४२ होती आणि साक्षरतेचे प्रमाण अनुक्रमे ८०·०१ व ७४·३६ टक्के होते. मराठीचे येथील रूप झाडीबोली या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्याबरोबर गोंडी व तिचा माडिया हा प्रकार, सिरोंचाकडे तेलुगू, कोरचीच्या बाजूस छत्तीसगढी आणि निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २०११ मध्ये भारतात सु. ३० लाख होती. तथापि संविधानाच्या आठव्या अनुसूचीत या भाषेचा समावेश झालेला नाही.

या प्रदेशातील वनवासी समाज दीर्घकाळ लेखनावाचून राहिला, ही गोष्ट पुष्कळदा उणीव म्हणून सांगितली जाते. ती तशी मानण्याचे कारण नाही. गोटुलात, देवाच्या ठाण्यापाशी किंवा गावाच्या बैठकीत सांगणारा व ऐकणारा समोरासमोर असतात. ऐकणाऱ्याला शंका आली तर तो तेथेच विचारतो आणि सांगणाऱ्याचे चुकले तर म्हातारी माणसे ते तेथेच दुरुस्त करतात. कुळांची वंशावळ, देवांच्या कथा व विधींचा क्रम जतन करण्याचे काम गोंडांमध्ये प्रधान या गायक-पुजाऱ्यांकडे असे. किंगरीच्या साथीने ते या कथा गात आणि यजमान कुळे त्याबद्दल त्यांना दान देत. अशी व्यवस्था चालू असेतो लिहिण्याची गरज भासत नाही. ज्याच्याशी बोलावयाचे तो समोर नसतो, दूरच्या राजधानीत असतो, परक्या भाषेचा असतो किंवा अद्याप जन्मालाच आलेला नसतो, तेव्हा लेखनाला आरंभ होतो. या प्रदेशातील लिखित वाङ्मयाचा इतिहास म्हणजे बव्हंशी अशा दूरस्थ श्रोत्यांचा इतिहास आहे.

त्याचा सर्वांत जुना पुरावा चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील देवटेक येथील शिलालेखात मिळतो. एकाच शिळेवर येथे दोन लेख आहेत. त्यांपैकी पहिला ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून तो प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा देतो. वा. वि. मिराशी यांनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकातील मानला आहे. दुसरा लेख त्यानंतर सहा शतकांनी कोरलेला असून तो वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाविषयी आहे. शिकारीवर जगणाऱ्या अरण्यप्रदेशात शिकारबंदीची आज्ञा दगडावर का कोरली, याचे उत्तर उघड आहे : आज्ञा देणारा राजा शेकडो कोस दूर होता आणि त्याच्या वतीने दगडाने बोलावयाचे होते. ती येथे कितीजणांना वाचता येत होती, हा प्रश्न आज्ञा देणाऱ्याला फारसा महत्त्वाचा वाटला नसावा. भांदक (भद्रावती) येथे सापडलेल्या राष्ट्रकूट पहिला कृष्ण याच्या ताम्रपटामागील प्रेरणा वेगळी आहे. शक ६९४ (इ. स. ७७२) मधील हे दानपत्र पुढे येणाऱ्या राजांना उद्देशून आहे. दान दिलेली भूमी कोणी हिरावून घेऊ नये, म्हणून भविष्यकाळातील अपरिचितांशी केलेला तो करार होय. धातूवर कोरण्याचा खर्च व श्रम त्यासाठीच केले जात.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर चांद्याविषयी लिहिणारा एक नवा वर्ग पुढे आला. त्याचा वाचक कलकत्त्याला किंवा लंडनला होता. मेजर लूसी स्मिथ याचा चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल व्यवस्थेवरील १८६९ चा अहवाल याचे ठळक उदाहरण आहे. सारा ठरविणे एवढेच त्याचे काम असताना त्याने चांद्याच्या गोंड राजांची परंपरागत हकिकत गोळा करून अहवालात घातली. चांद्याच्या राजवंशावर पुढे जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग या अहवालावर आधारलेला आहे. त्यातील राजांच्या कारकीर्दींचा काळ जपून स्वीकारावा लागतो. पण नेमून दिलेल्या कामाबाहेरचा हा मजकूर नसता, तर लोकांच्या तोंडी असलेले बरेच काही नष्ट झाले असते. अधिकाऱ्याच्या लेखणीला केवळ हुकूम चालवीत नाही, आपण पाहिलेले व ऐकलेले कोठेतरी नोंदले जावे ही ओढही चालविते, असे या अहवालावरून दिसते.

याहून मोठे व गुंतागुंतीचे उदाहरण स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) याचे आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आला. धर्मप्रसार व शाळा यांबरोबरच भूविज्ञान, जीवाश्म आणि मध्य भारतातील आदिम जमाती यांचा त्याने अभ्यास केला. त्याने एका प्रधान पुजाऱ्याकडून लिंगोचे दीर्घ गोंडी गीत उतरवून घेतले. गोंडांचा उद्भव, गुहेतील त्यांचे बंदिवान होणे, लिंगोने केलेली त्यांची सुटका आणि कुळांची त्याने लावून दिलेली व्यवस्था असा या गीताचा विषय आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात हिस्लॉप बुडून मरण पावला. मागे राहिलेली त्याची टिपणे मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने संपादित करून १८६६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध केली आणि त्यांत हे गीत छापले गेले.

या एका ग्रंथात लेखनप्रेरणेचे तीन प्रकार एकत्र आलेले आहेत. आपल्या विद्वान देशबांधवांपुढे नवी माहिती ठेवावी, ही हिस्लॉपची इच्छा होती. मृत मित्राचे काम वाया जाऊ नये आणि प्रांताच्या कारभाराला त्याचा उपयोग व्हावा, हा टेंपलचा हेतू होता. तिसरा भाग गीत सांगणाऱ्या प्रधानाचा आहे. मुखपृष्ठावर नावे आली ती हिस्लॉप व टेंपल यांची. गीत ज्याच्या मुखातून आले त्याची ओळख ‘प्रधान पुजारी’ एवढीच राहिली. गीताच्या या पाठात महादेव व पार्वती यांना मोठे स्थान आहे. त्यामुळे मूळ गोंडी परंपरेवर हिंदू पुराणांची छाया पडली आहे, असा आक्षेप पुढे गोंड अभ्यासकांकडूनच घेतला गेला. नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन या ग्रंथात लिंगोची परंपरा स्वतःच्या समाजाच्या दृष्टीतून नव्याने मांडली. दुसऱ्याने आपल्याविषयी लिहून ठेवलेले अपुरे किंवा चुकीचे वाटणे, हीदेखील लेखनाची एक प्रबळ प्रेरणा आहे. किंबहुना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशात तीच सर्वांत प्रभावी ठरली.

तत्पूर्वी एक वेगळी परंपरा लक्षात घेणे आवश्यक आहे. ती मूलतः बोलणाऱ्यांची असून त्यांच्या हातून लेखन जवळजवळ अपरिहार्यपणे घडले. तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांचा चिमूर परिसरातील रामदिघीच्या अरण्याशी व त्या भागातील खेड्यांशी निकटचा संबंध होता. १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूर येथील उठावानंतर त्यांना अटक होऊन कारावास घडला. खंजिरीच्या साथीवर गायिली जाणारी भजने हे त्यांचे मुख्य साधन. परंतु भजन गाणारा एका रात्री एकाच गावात असू शकतो. गावाची स्वच्छता, शिक्षण, सहकार्य, व्यसनमुक्ती इ. विषयांवर ४१ अध्यायांत रचलेली ग्रामगीता ही मर्यादा ओलांडते. तिचा ओवी हा छंद मात्र मोठ्याने वाचून दाखविण्यास सोयीचा आहे. निरक्षर खेडुतापर्यंत ग्रंथ पोहोचावयाचा, तर तो कोणाच्या तरी तोंडून पोहोचेल, हे ग्रंथकर्त्याने ओळखलेले होते.

वरोऱ्याजवळील आनंदवनाचे संस्थापक मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) यांचा ज्वाला आणि फुले हा संग्रह त्यांनी सांगितला आणि सहकाऱ्याने शब्दांकित केला. त्यांचे पुत्र प्रकाश आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची कथा प्रकाशवाटा या पुस्तकात सांगितली असून तिचेही शब्दांकन दुसऱ्याने केले आहे. काम करणारा माणूस लिहावयास बसत नाही, त्याला बसविले जाते. असे लेखन घडण्यास आणखी एक व्यावहारिक कारण असते. अशा प्रकल्पांना मनुष्यबळ व द्रव्य यांचे साहाय्य शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांतून मिळावयाचे असते आणि तेथील वाचक हे पुस्तकानेच जोडले जातात. या कारणाला गौण समजणे योग्य नाही. मम्मटाच्या गणनेतही अर्थप्राप्तीला स्थान आहेच.

एकच ज्ञान दोन भिन्न वाचकांसाठी दोनदा लिहावे लागते, याचे उदाहरण राणी बंग व अभय बंग या डॉक्टर दांपत्याच्या कार्यात पाहावयास मिळते. १९८६ पासून गडचिरोली येथे ‘सर्च’ या संस्थेमार्फत त्यांचे काम चालू झाले. खेड्यातील स्त्रियांच्या आरोग्याचा विचार तोवर मुख्यतः गर्भारपण व बाळंतपण यांच्यापुरता होत असे. इतर दुखण्यांविषयी स्त्रिया लाजेने बोलत नसत व वैद्यकही विचारीत नसे. गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. हा निष्कर्ष १९८९ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगातील वैद्यकाला पटवून देण्यासाठी तो आकड्यांच्या भाषेत लिहिणे भागच होते. पण ज्या बायकांनी विश्वासाने सांगितले, त्यांचा आवाज आकड्यांत मावत नाही. राणी बंग यांच्या कानोसा या पुस्तकात तो मराठी वाचकापुढे आला. त्यांचेच गोईण हे पुस्तक स्त्रिया व झाडे यांच्या नात्याविषयी आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. कोणते झाड कोणत्या दुखण्यात कामी येते, कोणत्या झाडाशी कोणते गाणे वा समजूत जोडलेली आहे, हे सारे स्त्रियांच्या बोलण्यातून यात आले आहे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात वनस्पतीचे नाव व कुल मिळते. तिच्याशी बोलणारी बाई मिळत नाही.

१९९९ मध्ये लॅन्सेटमध्येच आलेल्या त्यांच्या दुसऱ्या शोधनिबंधानुसार, गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर नवजात बालकांची काळजी घेतल्यावर ३९ गावांतील नवजात मृत्युमान तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २००१ मध्ये कोवळी पानगळ हा बालमृत्यूंवरील अहवाल प्रसिद्ध झाला. शासकीय नोंदींत न आलेले मृत्यू मोजून तो लिहिलेला होता आणि त्यानंतर राज्य शासनाला या प्रश्नावर समिती नेमावी लागली. मेलेल्या अर्भकाची नोंद कोणीच करीत नसेल, तर त्याचे मरण राज्यकर्त्यांच्या दृष्टीने घडलेलेच नसते. येथे लेखनाची प्रेरणा एवढीच आहे आणि ती पुरेशी आहे.

वरील बहुतेक लेखक बाहेरून आलेले किंवा बिगरआदिवासी आहेत. त्यांची सहानुभूती निर्विवाद असली, तरी आदिवासी हा त्यांच्या लेखनाचा विषय राहतो. ही स्थिती बदलण्याचा सामूहिक प्रयत्न म्हणून १९७९ मध्ये भद्रावती येथे भरलेल्या पहिल्या आदिवासी साहित्य संमेलनाकडे पाहिले जाते. राष्ट्रकूटांचा उपर्युक्त ताम्रपट याच भद्रावतीत सापडलेला होता. दलित साहित्याने तोवर मराठीत जे स्थान मिळविले होते, त्याचा प्रभाव या चळवळीवर होता. तथापि जंगलावरील हक्क, विस्थापन व स्वतंत्र संस्कृतीचे भान या तिच्या स्वतःच्या प्रेरणा होत्या. विनायक तुमराम यांचा गोंडवन पेटले आहे (१९८७), उषाकिरण आत्राम यांचा म्होरकी व कुसुम अलाम यांचा रान आसवांचे तळे हे कवितासंग्रह या प्रवाहातील उल्लेखनीय होत. सुरुवातीच्या कवितेत घोषणेचा स्वर काही वेळा कवितेवर मात करतो, हे मान्य करावे लागते. पण ती कविता पहिल्यांदाच ‘ते’ या सर्वनामाच्या जागी ‘आम्ही’ लिहीत होती आणि तो स्वर त्या बदलाची किंमत म्हणून समजून घ्यावा लागतो.

हे लेखन बव्हंशी मराठीत झाले. शाळेची भाषा मराठी होती, हे एक कारण. ज्याला सुनवावयाचे तो मराठी बोलणारा होता, हे दुसरे. गोंडीसाठी लिपी तयार करण्याचे प्रयत्न झालेले आहेत. बालाघाट भागातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी सिद्ध केली. आदिलाबाद भागातील गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे दुसरी एक लिपी प्रकाशात आली. संगणकावरील वापरासाठीच्या युनिकोड संकेतप्रणालीत त्यांचा समावेश अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये झाला. या जिल्ह्यांत गोंडी लिहिली जाते ती मुख्यतः देवनागरीत. मराठीत लिहिले तर सरकार व शहर वाचते, परंतु आजीला ते परके वाटते. गोंडीत लिहिले तर आजीला समजते, परंतु ती वाचणारी नसते. हा पेच आदिवासी लेखकाने निर्माण केलेला नाही. तो त्याच्या वाट्याला आलेला आहे.

शब्दांच्या ऱ्हासाची भीतीही काहींना लिहिते करते. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांची बरीच वर्षे या प्रदेशाच्या उत्तरेस लागून असलेल्या नवेगावबांधसारख्या अरण्यांत गेली. वनात राहणाऱ्या लोकांकडून ऐकलेली पक्ष्यांची, झाडांची व ऋतूंची नावे त्यांनी टिपून ठेवली आणि पक्षिकोश व प्राणिकोश सिद्ध केले. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या शब्दसंग्रहाचे व अभ्यासाचे कार्य केले. अशा संग्राहकाला भावी वाचक हवा असतो. बोलणारा शिल्लक राहील याची त्याला खात्री नसते.

लेखनामागे कायद्याची सक्ती असते, तेव्हा साहित्यशास्त्र तिची दखल घेत नाही. परंतु अलीकडच्या काळात या जिल्ह्यांतील सर्वाधिक नवे लेखक या सक्तीनेच घडविले आहेत. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांमध्ये शासकीय कागदपत्रांबरोबर विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थाने यांसारख्या खुणा आणि वडीलधाऱ्या माणसांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन यांनाही स्थान आहे. म्हाताऱ्याच्या आठवणीला कायद्याने पुरावा मानले, पण कागदावर आल्यानंतरच. त्यामुळे गावोगावी शाळा शिकलेली मुले वृद्धांजवळ वही घेऊन बसली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात हे काम त्याआधीच सुरू झालेले होते. सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि प्रश्नांचा आधी अभ्यास करणारे अभ्यासगट ही या गावाची वैशिष्ट्ये देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून विकसित झाली. २००९ मध्ये मेंढ्याला सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. तोवर हा परवाना वन खात्याच्या कर्मचाऱ्याने लिहावा व गावकऱ्याने हात जोडून घ्यावा, अशी रीत होती. ते कोरे पुस्तक हाती येण्यासाठी गावाला दीर्घकाळ पत्रव्यवहार करावा लागला होता. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावाने २०१२ मध्ये सु. १,००० हेक्टर वनावर हक्क मिळाल्यानंतर गावकऱ्यांच्या सूचना एकत्र लिहून जंगलाच्या वापराची नियमावली तयार केली आणि तेंदूपत्त्याची तोड थांबविली.

लेखनाचा भयासाठीही उपयोग होतो. १९८० पासून गडचिरोलीत नक्षलवादी चळवळीचा शिरकाव झाल्यावर झाडांवर व रस्त्यांवर लावलेली पत्रके हा तेथील जीवनाचा भाग झाला. दोन बंदुकांमध्ये सापडलेला सामान्य माणूस मात्र लिहिण्याचे टाळत असे. सही केलेला कागद कोणाच्याही हाती पडणे धोक्याचे होते. त्या काळाचे चित्रण हेमलकसा येथे काम केलेले विलास मनोहर यांच्या एका नक्षलवाद्याचा जन्म या कादंबरीत आढळते. या प्रदेशाचे जीवन सुरेश द्वादशीवार यांच्या हाकुमी या कादंबरीतही आले आहे.

दूरस्थ श्रोता हा या प्रदेशातील लेखनाचा सामान्य नियम असला, तरी त्याला एक ठळक अपवाद आहे. भाताची कापणी आटोपल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते व रात्रभर नाटके होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या रंगभूमीचे मुख्य केंद्र वडसा (देसाईगंज) येथे आहे. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. येथील नाटककार दरवर्षी नवी नाटके लिहितो. त्याचा प्रेक्षक त्याच्याच बोलीचा व त्याच्याच पंचक्रोशीतला असतो. व्यसन, हुंडा, शेतीचे कर्ज, भावाभावांतील वाटणी हे विषय त्याला कोठून शोधून आणावे लागत नाहीत. प्रेक्षकांना काय रुचले नाही, ते मध्यरात्रीपूर्वीच कळते आणि पुढच्या गावच्या प्रयोगापर्यंत तो प्रवेश बदललेला असतो. अशा अनेक संहिता छापल्या जात नाहीत. हंगाम संपला की त्यांच्या वह्या मंडळीच्या पेटीत जातात.